रस्त्यावरचं जांभूळ कुणाचं?

मे महिना संपत आला की नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका आडरस्त्याचा फूटपाथ जांभळा होतो. कंपनीच्या भिंतीआडून एक जांभूळ बाहेर वाकलंय. बुंधा आत आणि निम्मा पसारा रस्त्यावर. दुपारी पहिली पाळी सुटली की कंत्राटी कामावरच्या पाच-सहा बायका तिथे थांबतात. एकीने ओढणी सोडायची, दोघींनी तिची टोकं धरून उभं राहायचं आणि चौथीने वेळूच्या काठीला बांधलेल्या आकडीने फांदी जराशी हलवायची. पिकलेलं जांभूळ देठाला फार वेळ धरून राहत नाही. ओढणीवर सर पडावी तसा आवाज होतो. मग सकाळी भाजी-पोळी घेऊन आलेले डबे जांभळांनी भरून घरी जातात. मी पहिल्यांदा तिथे रेंगाळले तेव्हा त्यातल्या धुळ्याकडच्या एका बाईने माझ्यापुढे ओंजळ केली. म्हणाली, "घ्या ना ताई, गैरं गोड शे."

याच कारखान्यांच्या पट्ट्यात मी सव्वीस वर्षं हिशेबाचं काम केलं आणि घर सिडकोत. नाशिक म्हटलं की लोकांना गोदाघाट, पंचवटी, द्राक्षं आणि आता वायनरी आठवतात. आमच्या भागात दाखवायला कुणी पाहुण्यांना आणत नाही. वर्कशॉप, वजनकाटे, टेम्पोंच्या रांगा, पत्र्याच्या शेड आणि मधूनमधून कामगारांच्या वसाहती. पण फेब्रुवारीपासून मृग लागेपर्यंत या भागात पायी फिरणाऱ्या माणसाला बाजारात न जाता आठवड्यातून दोन-तीनदा फळ खायला मिळतं. हे मी अनेक उन्हाळे करत आलेय. म्हणून माझं एक ठाम मत झालंय आणि ते मी सरळ मांडते. सार्वजनिक जागेवरच्या झाडाचं फळ तोडून खाण्याचा हक्क त्या वस्तीतल्या माणसांना आहे, हे महापालिकेने लेखी मान्य करावं. आणि आमच्यासारख्या वस्त्यांच्या रस्त्यांवर फळझाडं ठरवून लावावीत.

उन्हाळ्याची सुरुवात तुतीने होते. सिडकोच्या जुन्या रो-हाऊससमोर हातभर अंगण असायचं, त्यात कुणीकुणी तुतीची काडी खोचली होती. घरांवर मजले चढले, अंगणं गेली, तरी काही तुती गेटाबाहेर गटारीच्या कडेला तग धरून आहेत. मग चिंच. पूर्ण पिकण्याआधी, हिरवी आणि पिकली यांच्या मधली, टरफल गरापासून नुकतं सुटलेलं असतं ती गाभुळलेली चिंच. या अवस्थेला असा स्वतंत्र शब्द आपल्याकडे आहे, कारण पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ती झाडाखाली उभं राहून खाल्ली. दुकानात गाभुळलेली चिंच मिळत नाही. ती टिकत नाही, तिला भाव नाही. झाड गेलं की आधी ती चव जाते आणि मागोमाग शब्दही जातो. माझ्या भाचीला हा शब्द मी सांगितला तेव्हा ती वीस वर्षांची होती.

मार्च-एप्रिलमध्ये विलायती चिंच. वळलेल्या, गुलाबी पडलेल्या शेंगा, आत पांढरा तुरट-गोड गर आणि काळ्या बिया. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं हे झाड फिलिपिन्समार्गे आपल्याकडे आलं. शेतकऱ्यांनी ते बांधावर कुंपण म्हणून लावलं, कारण काटे असतात आणि पाणी मागत नाही. पुढे शेताचे प्लॉट पडले, बांध मोडले, पण कुंपणातली काही झाडं दोन प्लॉटच्या मधल्या बोळात तशीच राहिली. बाकीची पाखरांनी लावली. पोपट आणि बुलबुल गर खातात आणि बी कुठल्याही भिंतीच्या कडेला टाकतात. लहानपणी आम्ही बीवरचं काळं साल नखाने अलगद सोलायचो. आतला तपकिरी पापुद्रा न दुखावता सोललं तर मनातली इच्छा पूर्ण होते, असं मानायचो. माझ्या नखांना ते अजून जमतं.

त्याच सुमाराला भोकरं. हिरवी असतानाच काढून लोणच्यात घालायची, आतला चिकट गर आणि बी मिठाच्या हाताने काढून टाकायची. मग कैऱ्या. वळवाचा पहिला पाऊस वाऱ्यासकट येतो त्या संध्याकाळी रायवळ आंब्याखाली पिशव्या घेऊन माणसं दिसतात. पडलेल्या, ठेचाळलेल्या कैऱ्यांचा तक्कू दुसऱ्या दिवशी किती घरांत होतो, याची मोजदाद कुणी केलेली नाही. सिंगापूर चेरीला तर ऋतूचंही बंधन नाही. वर्कशॉपच्या दाराशी, पंक्चरवाल्याच्या टपरीवर सावली धरून हे झाड आपसूक उगवतं. लाल झालेलं फळ जिभेवर दाबलं की साखरेच्या पाकासारखं फुटतं. मेच्या मध्याला गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात पेठ-सुरगाण्याकडून पानांच्या द्रोणात करवंदं येतात. ती मी विकत घेते, कारण ती खरंच डोंगराची आहेत आणि ती तोडणाऱ्या बाईचे हात ओरखडलेले असतात. आणि शेवटी जांभूळ. ते आलं की मी छत्री शोधायला घेते.

ही झाडं आपल्यासाठी कुणी लावली नाहीत. काही शेताबरोबर आली, काही पाखरांनी आणि वटवाघळांनी आणली, काही पहिल्या पिढीतल्या कामगारांनी गावाकडची आठवण म्हणून रुजवली. देवळा-सटाण्याहून, जळगाव-धुळ्याहून आलेल्या माणसांनी एका खोलीच्या घरापुढे सगळ्यात आधी काय लावलं असेल, तर शेवगा, कढीपत्ता आणि एखादं फळझाड. ही झाडं टिकली, कारण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. रस्ता सुशोभित करायचा ठरला की हीच झाडं आधी जातात, हे मी तीन वेळा डोळ्यांनी पाहिलंय.

पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच दारात. आम्ही पूर्वी एका सोसायटीत राहायचो, तिथे गेटजवळ जांभूळ होतं. खाली चार गाड्या लागायच्या. जूनमध्ये टपावर डाग पडायचे, पावलांना चिकटून जिन्यात यायचे. बैठक झाली, हात वर झाले. मी एकटीने विरोध केला आणि तोही पुरेसा नेटाने केला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. परवानगी फांद्या छाटायची होती. प्रत्यक्षात डोक्याएवढ्या उंचीवर खोड ठेवून वरचं सगळं उतरवलं. दोन पावसाळ्यांत ते खोड वाळलं. त्या जागी आता फरशी आणि कुंड्यांत दोन पाम आहेत. डाग वर्षातले पंधरा-वीस दिवस पडायचे. सावली उरलेले साडेतीनशे दिवस त्याच गाड्यांवर असायची. नाशिकचा पारा एप्रिलमध्ये चाळिशी ओलांडायला लागला, तेव्हा हाच हिशेब मला त्या बैठकीत मांडता आला असता.

'कचरा होतो' या दोन शब्दांवर शहरातलं किती हिरवं गेलं! फळ पडणं हा झाडाचा दोष आहे, असं आपण कधी ठरवलं? जांभूळ कचरा होतं ते कुणी उचलत नाही म्हणून. ज्या झाडाखाली बायका ओढणी धरून उभ्या असतात, तिथला फूटपाथ इतर ठिकाणांपेक्षा स्वच्छ असतो. उरलेलं खारी, मैना आणि रात्री वटवाघळं खातात. तोडायला बंदी घातली, कुंपण घातलं, वॉचमन बसवला की मगच फळाचा चिखल होतो.

आणखी एक गोष्ट दरवर्षी माझा जीव घेते. पावसाळापूर्व छाटणी एप्रिल-मेमध्ये होते. तारांवर फांद्या पडू नयेत, हे बरोबरच आहे, त्याला माझा विरोध नाही. पण जांभळाला मोहोर येतो मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे हिरव्या फळांनी वाकलेल्या फांद्याच ट्रॅक्टरमध्ये भरून जातात. हेच काम डिसेंबर-जानेवारीत केलं, तर तारही मोकळी राहील आणि बहरही वाचेल. याला एक पैसा जास्तीचा लागत नाही. लागतं ते एवढंच की छाटणीचं वेळापत्रक ठरवणाऱ्या टेबलावर कुणाला तरी जांभूळ कधी मोहरतं हे माहीत असावं.

आता आपण लावतो काय, ते पाहा. गुलमोहर मादागास्करचा. सोनमोहर आणि रेन ट्री हेही बाहेरचे. परदेशी आहेत म्हणून मी त्यांच्यावर राग धरणार नाही, विलायती चिंचही परदेशीच आहे आणि तिने आमच्या वस्तीला खाऊ घातलंय. प्रश्न झाड देतं काय, हा आहे. मध्यंतरी सगळीकडे कोनोकार्पसची टूम निघाली. लवकर वाढतो, हिरवागार दिसतो, जनावर तोंड लावत नाही. गुजरातने २०२३मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी आणली. आणि रस्त्यांच्या दुभाजकांत कण्हेर, पिवळी कण्हेर. दोन्हींचा प्रत्येक भाग विषारी, थेट हृदयावर परिणाम करणारा. ती लावायचं कारण समजण्यासारखं आहे, शेळ्या-गायी खात नाहीत. पण पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या मुलं खेळायला उचलतात, त्याची भीती कुणाला वाटत नाही आणि शाळेच्या रस्त्यावर जांभूळ लावा म्हटलं की 'मुलं चढतील, पडतील' असं उत्तर येतं. मुलं चढतील हे खरं आहे. म्हणून तर त्यांच्या हातात आकडी द्यावी, ती कशी धरायची ते दाखवावं, आणि फांद्या हाताशी राहतील अशी झाडं निवडावीत. तुती, फालसा, रायआवळा ही चढायची झाडंच नाहीत.

मुलांचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबून सांगते. चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंडाच्या बिया खाऊन शाळकरी मुलांना उलट्या झाल्या, दवाखान्यात न्यावं लागलं, अशा बातम्या महाराष्ट्रात दर काही महिन्यांनी येतात. त्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, म्हणून मुलं फसतात. आमच्या वेळी ते झुडूप नव्हतं असं नाही. पण कोणतं खायचं आणि कोणतं नाही हे मोठी मुलं लहानांना सांगायची, घाणेरीचं हिरवं फळ तोंडात घालायचं नाही हे चौथीतल्या मुलाला पाठ असायचं. ही शिकवण झाडाखाली मिळत होती. झाड गेलं, खाणं थांबलं आणि सांगणारंही कुणी उरलं नाही. मूल मात्र तसंच आहे, दिसेल ते तोंडात घालणारं. ओळखीचं फळझाड रस्त्यावर असणं हे मुलांच्या सुरक्षिततेचंच काम आहे, असं मी म्हणते.

प्रदूषणाचा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण कारखान्यांच्या वस्तीत राहून तो उडवून लावणं बेजबाबदारपणाचं होईल. नंदिनी नदीच्या काठाला, जिला जुनी माणसं अजून नासर्डी म्हणतात, जिथे सांडपाणी थेट मुळांशी येतं तिथलं मी काही तोडत नाही. नाल्यालगतच्या झाडांचं कुणीच खाऊ नये. वर्दळीच्या रस्त्यावरचं फळ धुळीने माखतं. ती धूळ वरवर बसते, दोन-तीन पाण्यांनी धुतली तर बरीचशी जाते. पण विश्वासावर किती चालायचं? वस्तीतल्या पाच-सहा ठिकाणची फळं दर उन्हाळ्यात प्रयोगशाळेत तपासून त्याचा निकाल विभागीय कार्यालयाच्या फलकावर लावणं अवघड नाही. आणि एखाद्या रस्त्यावरचं जांभूळ खाण्याजोगं निघालं नाही, तर त्या रस्त्यावरची माणसं रोज कसली हवा घेताहेत हेही त्यातून कळेल. फळ नको म्हणून झाड काढलं तर ती हवा तिथेच राहते, फक्त सांगणारा साक्षीदार जातो.

आता मालकीचं. बुंधा कंपनीच्या आवारात असेल तर फळ कंपनीचं, हे मला मान्य आहे. सातपूरच्या त्या जांभळाखाली उभ्या राहणाऱ्या बायकांनी वॉचमनकाकांना विचारलेलं आहे आणि एक डबा त्यांच्याकडेही जातो. माझं म्हणणं रस्त्याकडेच्या, उद्यानातल्या, मोकळ्या भूखंडांवरच्या, शासकीय आवारांतल्या झाडांबद्दल आहे. महाराष्ट्राचा नागरी भागातला वृक्ष संरक्षणाचा कायदा १९७५चा. त्याने वृक्ष प्राधिकरण आलं, परवानगीशिवाय झाड तोडायला बंदी आली. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसावृक्ष म्हटलं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायचं बंधन घातलं. चांगला कायदा आहे आणि तो वाकवला जातो तेव्हा लोकांनी भांडलंच पाहिजे. पण त्याचा सगळा भर झाड तोडणं, लावणं आणि मोजणं यांवर आहे. झाडाचं वय मोजलं जातं, घेर मोजला जातो. त्याखाली कोण उभं राहतं आणि काय घेऊन घरी जातं, याला त्या रकान्यांत जागा नाही.

आपल्याच जिल्ह्यात दुसरा एक कायदा लागू आहे. वनहक्क कायदा, २००६. पेठ-सुरगाण्याच्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या मध, कंदमुळं, पानं गोळा करणाऱ्यांचा गौण वनउपजावर हक्क आहे, तो गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचाही, असं हा कायदा म्हणतो. तो हक्क कागदावरून प्रत्यक्षात आणायला माणसांना किती खेटे घालावे लागतात ती वेगळी आणि मोठी लढाई आहे, शहरातल्या आमच्या डबाभर जांभळांची तिच्याशी बरोबरी मी करणार नाही. पण तत्त्व तिथून घेता येतं. जमीन सरकारची असली तरी तिच्यावर जे पिकतं त्यात तिथे राहणाऱ्यांचा वाटा असतो. सुरगाण्यातून मजुरीसाठी नाशिकला आलेली बाई हायवे ओलांडून अंबडच्या वस्तीत राहायला लागली की तिचा हा वाटा कुठे संपतो आणि का संपतो?

यावर कुणी म्हणेल, मग लिलाव करा. गावाकडे ग्रामपंचायत चिंचेच्या झाडांचा लिलाव करते, चार पैसे येतात. शहरात हे नको. लिलाव घेणारा माणूस झाडाखाली राखणीला बसतो आणि पहिल्यांदा मुलांना हाकलतो. पालिकेला मिळणारे पैसे किरकोळ असतील. बाजारात मात्र जांभूळ पाव किलोला पन्नास-साठ रुपयांना जातं. ज्या घरात महिनाअखेरीला केळीसुद्धा विचार करून घेतली जातात, त्या घरात हे फळ फक्त झाडावरूनच येऊ शकतं. जर्मनीत आंडरनाख नावाचं सुमारे तीस हजार वस्तीचं गाव आहे. तिथल्या नगरपालिकेने २०१०पासून जुन्या किल्ल्याच्या खंदकात आणि चौकांत शोभेच्या झुडपांऐवजी भाज्या आणि फळं लावली, आणि वाटेल त्याने तोडावीत असं जाहीर केलं. कुणी सगळंच ओरबाडून नेईल, ही भीती तिथेही होती. पंधरा वर्षांनंतरही ते चालू आहे. आपल्याकडे तर याला वेगळी कल्पनाही लागत नाही. वाटसरूसाठी आंबा लावणं हे आपण पुण्य मानत आलो.

२०२७च्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभारताना तपोवनातली झाडं तोडावी लागणार हे कळलं, तेव्हा २०२५च्या अखेरीस नाशिककर ती वाचवायला रस्त्यावर उतरले. मीही दोन संध्याकाळी गेले होते. तिथली गर्दी पाहून भरून आलं. राम-सीतेने ज्या परिसरात कंदमुळं-फळं खाऊन दिवस काढले असं आपण मानतो, तिथलं झाड हात लावायचं नाही, ही भावना मला कळते. परतताना बसमध्ये मात्र आमच्याकडची जांभळं, चिंचा डोळ्यांपुढे येत राहिल्या. पपया नर्सरीच्या थांब्यावर उतरले. थांब्याच्या नावात फळ आहे आणि आसपास दिव्याच्या खांबांवर नुसते फ्लेक्स. आमच्या झाडांना पौराणिक नाव नाही, फोटोला शोभेल असा घाट मागे नाही. ती एकेक करून, एकेका अर्जावर जातात आणि त्या दिवशी रस्त्यावर कुणी नसतं.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही चौघी-पाचजणींनी वही घातली. दोन निवृत्त शिक्षिका, एक किराणा दुकान चालवणाऱ्या वहिनी, मी आणि सातपूरच्या त्या जांभळाखाली भेटलेली धुळ्याची बाई. रविवारी सकाळी फिरायचं आणि लिहायचं: झाड कुठलं, कुठे, कधी पिकतं, खायला कोण येतं. शेवटचा रकाना तिने सुचवला. आतापर्यंत एकशे सत्तेचाळीस झाडं झाली आहेत, त्यातली चोवीस जांभळं. वहीची एक प्रत आणि दोन पानांचा अर्ज आम्ही महापालिकेला दिलाय. मागण्या तीन आहेत. या झाडांवर फळ तोडायला मुभा असल्याची पाटी लावा, छाटणी हिवाळ्यात करा, आणि भरपाईची झाडं लावताना आमच्या वस्तीच्या वाट्याला निम्मी फळझाडं द्या. पोच मिळाली आहे, उत्तर यायचं आहे.

यंदा तुती संपून विलायती चिंच सुरू झालीय. वहीतल्या बावीस नंबरच्या झाडाखाली परवा एक पाचवी-सहावीतला मुलगा दगड मारत होता. त्याला आकडी दिली. पहिली फांदी निसटली, दुसरी धरली. खाली पडलेल्या शेंगांतली एक त्याने सोलली, बी हातात घेतलं आणि विचारलं, "आजी, हे पण खायचं का?" मी त्याला नखाने काळं साल कसं सोलायचं ते दाखवत होते, तेवढ्यात त्याच्या मागे अजून तिघं येऊन उभे राहिले होते.